प्रॉम्प्टरची बॅटरी

बाजाराच्या दिवशी, ऊन कलताना,
पुस्तकलाबाई ठेंगरी आल्या नवरगावाकडून.
चुरमुऱ्याच्या पिशवीत डीव्हीडी प्लेअर,
वायर त्याच्याभोवती दाव्यासारखी गुंडाळलेली.

"चार्जिंगच नाही घेऊन रायला जी.
लाल दिवा लागते, हिरवा होतच नाही."

सगळ्यांना विचारतो तेच विचारलं.
पडला होता का. पाणी गेलं का.
चार्जर याच्यासोबतचाच का.
नव्हता. पुतण्याच्या सेट-टॉप बॉक्सचा होता,
पिन बसते म्हणून खुपसलेला.
पिन बसली म्हणजे सोयरीक जमली असं नसतं, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.

मीटर लावला : बारा.
मशीनच्या पाठीवर लिहिलेलं : नऊ.
खोक्यातून नऊचा चार्जर काढून लावला,
तर जॅक हलवला की दिवा डुलायचा.
आतला टाका सुटलेला, वाळल्या शितासारखा राखाडी.
सोल्डर टेकवलं. धूर निघाला. दिवा स्थिरावला.
लालच.

मग खालून बॅटरी सरकवली.
भिजल्या चिंचोक्यासारखी फुगलेली.
"ही चार्जही करायची नाही, घरातही ठेवायची नाही.
काढून टाकतो. वायरीवर चालेल मजेत."

चालवून दाखवलं.
मंडईतलं नाटक, हलत्या हातानं काढलेलं;
लाल कोटातला जमीनदार,
ऑर्गनच्या बाजूला कोणाचं तरी पोर झोपलेलं,
आणि सगळ्याखाली एक गुंऽऽ,
स्वस्तातल्या चार्जरची.

"नाही जी. यात मालक आयकू नाही येत."

मी पडद्यावर मालक शोधू लागलो.

"दिसत नाही थे. कधीच नाही दिसले.
पडद्यामांगं बसत, वही धरून."

टिकाराम ठेंगरी. सत्तावीस सीझन.
प्रत्येक राजाच्या आधी राजा झालेला,
प्रत्येक विधवेच्या आधी रडलेला, कुजबुजत.
हँडबिलावर नाव शेवटून दुसरं,
मंडप डेकोरेशनच्या वर.
मंडळी चेष्टा करायची :
याला एक वही पुरत नाही, बायकोही पुस्तकला.

तेव्हा कुठे मला कळलं काय बिघडलंय ते.

फळीवर याच जातीचा एक मेलेला प्लेअर होता,
दोन वर्षं कोणी न्यायला न आलेला.
त्याची बॅटरी मात्र जिवंत, फुगवटा नाही.
तासभर चार्जिंगला टाकली.
तोवर त्या वांगी, लाखोळीची डाळ
आणि मिठाचा पुडा घेऊन परत आल्या.

दिवा हिरवा झाला.
वायर उपसली. गुंऽऽ थांबली.

जमीनदार संवाद विसरलेला.
छडी या हातातून त्या हातात घेतो,
उगाच मिशीला हात लावतो.
आणि त्या रिकाम्या जागेत, डावीकडून कुठून तरी,
खरबरीत, घाईचा, जरा रागावलेलाच :
*तुझ्या बापाला विचार—*
"तुझ्या बापाला विचार!" जमीनदार गरजला.
टाळ्या पडल्या. जमीनदाराला.

पुस्तकलाबाईंनी पदर सारखा केला,
दारातून कोणी आत आल्यासारखा.
"मांगं घ्या ना जी, जरासक."
घेतलं. तीनदा घेतलं.
मागे मिक्सरवाला खोळंबला होता.

निघताना सांगत गेलो.
"रात्रभर लावून ठेवायचा नाही."
"रातभर नाही ठेवाचा."
"हिरवा झाला की काढायचा."
"हिरवा झाला का काढाचा."
"चुलीवरच्या फळीवर नाही."
"फळीवर नाही."
"आणि लाईन जाऊन-येऊन करत असली, तर..."

इतक्यात मिक्सरवाल्यानं भांडं आपटलं
आणि पुढचं माझ्या तोंडातून गेलं.
मी पकड या हातातून त्या हातात घेतली.

"तर बटन बंद," खाली पाहत,
अगदी हळू, त्या म्हणाल्या.

"तर बटन बंद," मी म्हणालो.